जन्मतारखेखाली दडलेलं बटण

बाबा गेल्यावर मी हिंगोलीतच राहिले. पुण्याच्या कंपनीचं काम घरूनच चालतं, वेबसाइटवरचे फॉर्म बनवायचं. सहकारी सगळे स्क्रीनवर, तेही कॅमेरा बंद ठेवून. कधी शुक्रवारी लक्षात यायचं, की सोमवारपासून दूधवाल्याशिवाय कुणाशी समोरासमोर बोललेच नाही.

एकदा एका शिक्षणसंस्थेच्या फॉर्मची तक्रार आली. बाहेरून दहावीला बसणाऱ्यांसाठीचा फॉर्म होता आणि एका बाईंना तो पाठवताच येत नव्हता. मी माझ्याकडच्या तीन ब्राउझरमध्ये उघडून पाहिला. सगळीकडे व्यवस्थित. 'आमच्याकडे चालतोय' लिहून तक्रार बंद करणार, तेवढ्यात पत्ता दिसला. औंढा नागनाथ, हिंगोलीहून जवळच. बाईंना फोन केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने लॅपटॉप घेऊन निघाले. खरं तर एवढं जायची गरज नव्हती. स्क्रीनचा फोटो मागवता आला असता.

देवळाच्या रस्त्यावर त्यांचं बेलफुलांचं दुकान. पन्नाशीच्या असाव्यात. "बसा ताई," म्हणत त्यांनी टोपली सरकवून जागा केली आणि जुना मोबाइल माझ्या हातात दिला.

त्या मोबाइलवर जन्मतारखेची चौकट एवढी उंच झाली होती, की 'पुढे जा' हे बटण तिच्याखाली दडलं होतं. चौकटीची उंची मी ठरवून दिलीच नव्हती, त्यामुळे प्रत्येक ब्राउझर ती आपल्या मापाने काढत होता. बटण मात्र मी मोजून एका जागी बसवलेलं.

"किती दिवसांपासून असं आहे?"

"पंधरा दिस झाले, रोज भरून राहिले. मला वाटलं, तारीखच चुकली. शाळेत नाव घातलं तवा गुरुजींनी अंदाजानंच लिवली व्हती. म्हनलं, मशीनला कळलं वाटतं."

मला हसू आलं नाही. "तुमचं काही चुकलं नाही. चूक माझी आहे."

"तुमची काहून? तुमी तर आत्ता आलात!"

त्या गिऱ्हाईक बघत होत्या, तोवर मी पायरीवर बसून उंची नेमून दिली, बटण चौकटीच्या मागोमाग सरकेल असं केलं. त्यांनी फॉर्म पुन्हा उघडला, भरला आणि बटण दाबलं. "गेला, ताई! गेला बराबर!"

मग चहा आला.

"घरी कोन कोन असतं तुमच्या?"

"कुणी नाही."

"माझ्याबी न्हाई. म्हनून तर पुस्तकं काढली."

आणखी बसायला काही निमित्त सुचेना. परतीच्या बसमध्ये मी ऑफिसला 'दुरुस्त झालं' एवढं कळवलं. उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र आलं.

महिनाभर त्यांचा फोन आला नाही, म्हणजे फॉर्म नीट चालत होता. शेवटी मीच केला.

"काही अडलं का पुन्हा?"

"न्हाई ताई. गणितच तेवढं अडून राहिलं."

गणित मला चांगलं येतं. पण रविवारी येऊ का, हे विचारायला मला जरा वेळ लागला.