स्टॉपच्या पाटीपाशी आमची फौज

माझ्या मुलाने समोरच्या बाईला गाडी शिकवायचं कबूल केलं आणि माझी रविवारची झोप गेली. बाई सुदानची. माझ्यासारखंच अंगाभोवती लांबलचक वस्त्र गुंडाळणारी. परक्या पुरुषाबरोबर गाडीत एकटी बसणार नाही म्हणाली. मुलगा म्हणाला, "आई, तू नुसती मागे बस." नुसतं बसणं मला जन्मात जमलेलं नाही, हे त्याला ठाऊक असायला हवं होतं.

अमेरिकेत हर्नडनला आमच्या समोरचं घर तिच्या भावाचं. तिच्या देशात दोन सेनापतींचं आपसात बिनसलं. दोघे एकाच देशाचे, दोघांकडे बंदुका. याला यादवी म्हणतात. भांडले ते, घर जळलं हिचं. दोन मुली घेऊन ती आधी इजिप्तला गेली आणि तिथून इथे आली. तिघी भावाच्या हॉलमध्ये खाली झोपायच्या. भावजय वाईट नव्हती, पण भांडी जोरात ठेवायची. भावजय भांडी जोरात ठेवायला लागली की काय समजायचं, हे मराठी बाईला सांगावं लागत नाही.

तिला एका बेकरीत पहाटेचं काम मिळत होतं. त्या वेळी तिकडे बस नाही. बेकरीवाली म्हणाली, थंडी संपेपर्यंत लायसन आण, नाहीतर मी दुसरी बाई बघते. लायसन नाही तर काम नाही, काम नाही तर वेगळी खोली नाही, म्हणजे जन्मभर भांडी ऐकत बसा.

गाडी तिला येत होती. तिकडे ती बँकेत स्वतःच्या गाडीने जायची. मुलगा म्हणाला, "आई, ही माझ्यापेक्षा चांगलं ड्राइव्ह करते." तेवढ्यात पहिली स्टॉपची पाटी आली. इथे चौकात ही लाल पाटी दिसली की गाडी पूर्ण थांबवायची, इकडेतिकडे बघायचं आणि आपलं आपण निघायचं.

तिने गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. चारही काचा खाली केल्या, छतातला दिवा लावला, दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवले आणि समोर बघत बसली. बाहेर बर्फ पडत होतं. मुलगा म्हणाला, "ओके, गो." बाई हलेना. मागून हॉर्न वाजायला लागले. शेवटी मी दोघांच्या मधून हात पुढे काढून हलवला आणि ओरडले, "अगं चल की! कोणाची वाट बघतेस?"

हात दिसला मात्र, काचा वर, दिवा बंद, गाडी सुरू. पुढच्या पाटीला पुन्हा तेच. आमच्याकडे चौकाचौकात स्टॉप. घरी येईपर्यंत मुलाला सर्दी झाली.

आम्ही दोघी बोलायचो हिंदीत. तिकडे म्हणे सगळे हिंदी सिनेमे बघत मोठे होतात. त्यामुळे तिला मीठ, पीठ म्हणता यायचं नाही, पण खानदान, कसम, बदला हे सगळं यायचं. माझं हिंदी भाजीवाल्याशी भांडण्यापुरतं. छान जमलं.

एकदा दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडी लावून चकल्या खात होतो. मी विचारलं, स्टॉपला हे काय नाटक? तिने सांगितलं. गाव सोडून निघाली तेव्हा रस्ताभर नाकाबंदी. नाक्यावर इंजिन बंद करायचं, काचा खाली, दिवा लावायचा, हात दिसले पाहिजेत. बंदूकवाला हाताने 'जा' म्हणेल तेव्हाच जायचं. एका नाक्यावर पुढच्या गाडीने हाताची वाट पाहिली नाही. "दुश्मन समझा," एवढं म्हणून ती थांबली. पुढच्या गाडीत कोण होतं, ते मी विचारलं नाही. तिने आणखी एक चकली घेतली. मुलगा पुढची काच पुसायला लागला. ती बाहेरून मळली होती, हा आतून पुसत होता.

महिनाभराने इंजिन बंद करणं सुटलं. काचा खाली करणं आणि हाताची वाट बघणं काही सुटेना.

परीक्षेला मी दुभाषी म्हणून मागे बसले. मला इंग्रजी येतं का, हे परीक्षा घेणाऱ्या साहेबाने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पहिल्याच पाटीला काचा खाली गेल्या. साहेब कुडकुडत बसला. मी त्याच्या कानाजवळून हात पुढे काढून हलवला, तसा तो केवढ्याने दचकला! त्याने तिला नापास केलं आणि पुढच्या वेळी या बाईंना घरी ठेवा, असं मुलाला बजावलं. पुढची तारीख मिळाली ती थंडी संपता संपताची. तीही हुकली तर बेकरी गेली.

आता हात कोण दाखवणार? तोंडी 'गो' तिला चालत नाही आणि मला गाडीत घेत नाहीत. पण परीक्षेचा रस्ता मी मागच्या वेळी पाहून ठेवला होता. आमची म्हाताऱ्या माणसांची एक टोळी रोज सकाळी लायब्ररीत पेपर चाळायला जमते. सगळे मुलांकडे आलेले, सगळे रिकामे. मी त्यांना सांगितलं, एकेका पाटीपाशी एकेकाने उभं राहायचं आणि बाईची गाडी आली की हात हलवायचा.

"काकू, पकडलं तर? माझं ग्रीन कार्ड व्हायचंय अजून," पुण्याचे एक काका म्हणाले.

"रस्त्याकडेला हात हलवायला व्हिसा लागतो का?"

"पण हलवायचा कसा?"

"गाय हाकलतात तसा."

"आम्ही पुण्यात गाई नाही हाकलत."

"मग पाहुण्यांना घालवता तसा."

तो त्यांना लगेच जमला.

परीक्षेच्या दिवशी कानटोप्या, मफलर, साडीवर बूट अशी आमची फौज चौकाचौकात उभी राहिली. पुण्याच्या काकांचा हात इतका बसला होता की त्यांनी कचऱ्याची गाडीसुद्धा घालवून दिली. शेवटच्या पाटीला मी होते. माझ्या आधीच्या पाटीला नागपूरचे काका. त्यांना तिथे ताटकळलेलं बघून एका घरातली गोरी बाई बाहेर आली. त्यांना वाट चुकलेला म्हातारा समजली आणि कॉफी घ्यायला आत बोलावलं. नागपूरचा माणूस, नाही कसं म्हणणार? गेले आत.

आणि नेमकी तेव्हा गाडी आली.

थांबली. चारही काचा खाली गेल्या. पाटीपाशी कोणी नाही. मी लांबून दोन्ही हात हलवले, पण ती त्या रिकाम्या जागेकडे बघत होती. माझ्या गुडघ्यांना पळणं माहीत नाही. साहेबाने लिहायला मान खाली घातलेली मला दिसली. म्हटलं, गेली बेकरी.

मग तिच्या बाजूच्या खिडकीतून एक हात बाहेर आला. तिचाच. गाय हाकलल्यासारखा दोनदा हलला. स्वतःच स्वतःला 'जा' म्हणाली आणि निघाली.

माझ्या पाटीला मी हात वर करून तयार होते. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. थांबली, हात काढला, हलवला, गेली. मी बस चुकल्यासारखी तिथेच.

पास झाली. साहेबाने विचारलं, हे हाताने काय करता? ती म्हणाली, सिग्नल. तो म्हणाला, हल्ली कोणी करत नाही. मग त्याने माझ्या मुलाला विचारलं, तुमच्या लोकांचा आज काही सण आहे का? रस्ताभर सगळे हात करत होते. मुलगा म्हणाला, "येस."

काका कॉफी पिऊन वर केक खाऊन आले आणि विचारलं, "आली का गाडी?"

आता ती बेकरीत जाते. तिची वेगळी खोली आहे. रविवारी मला दुकानात नेते. मी मागे बसते. प्रत्येक पाटीला ती हात बाहेर काढून हलवते. मागच्या गाडीवाल्याला वाटतं, आपल्यालाच जा म्हणतेय. तो बाजूने काढून पुढे जातो. परवा मी म्हटलं, "अब बस करो. यहाँ कौन बंदूकवाला है?"

"मौसी," ती म्हणाली, "यह नाका मेरा है. हुक्म मैं दूँगी."

तेवढ्यात आणखी दोन गाड्या पुढे गेल्या. मग तिने हात हलवला आणि आम्हालाही सोडलं.