काकूला दिसलेले क्रौंच

आमचे काका न्हावी. बंदराच्या चढावर दुकान, दोन खुर्च्या, मोठा आरसा, आणि आरशाशेजारी खिळ्याला टांगलेली दुर्बीण. शरद ऋतूत वारा जमिनीकडून सुटला, की काकांचं अर्धं लक्ष आभाळात. उत्तरेचे पक्षी आमच्याकडे समुद्रात घुसलेल्या कड्यावर जमतात आणि तिथून पाणी ओलांडतात. आम्ही त्या कड्याला नाक म्हणतो. ससाणे, करकोचे, पाकोळ्या, काकांनी सगळे पाहिले होते. क्रौंच तेवढे हुलकावणी द्यायचे. काका नाकावर गेले की ते येत नसत, आणि ते येत तेव्हा काका दुकानात.

"पाखरांवर संसार चालत नाही," हे काकूचं पालुपद.

त्या सकाळी काका पोस्टमास्तरांची दाढी करत होते. एक गाल झालेला, दुसऱ्यावर फेस. एवढ्यात गच्चीवर कपडे वाळत घालणारी काकू धाडधाड जिना उतरून आली. खांद्यावर ओला टॉवेल तसाच.

"अहो, वर तुतारीसारखं काहीतरी ओरडतंय! लांब माना, लांब पाय, नुसती रांगच्या रांग!"

काकांचा वस्तरा थबकला. "मान सरळ का वाकडी? बगळे मान मुडपून उडतात."

"बाणासारखी सरळ! आता येताय, का आमंत्रण छापू?"

काकांनी दुर्बीण ओढली आणि धूम ठोकली. मागे काकू. तिच्या मागे गळ्यात कापड घेऊन पोस्टमास्तर. "अहो, माझी दाढी!" म्हणत निघालेले ते, पण वळणावर पोचल्यावर स्वतःच ओरडायला लागले, "ते बघा, ते बघा!"

तिघं नाकावर पोचली, तर डोक्यावरच शेकडो क्रौंच घिरट्या घालत होते. एक थवा उंच चढला, की दुसरा येऊन मिळायचा. त्या गलक्यात बोललेलं ऐकू येईना. मग एकाने समुद्राकडे तोंड वळवलं, आणि बघता बघता बाकीचे त्याच्यामागे रेषेत लागले. काकांनी दुर्बीण लावली खरी, पण डोळे इतके भरून आले, की काही धड दिसेना.

"द्या इकडे." काकूने ती हिसकावलीच. "अगंबाई! पिल्लंसुद्धा आहेत हो! आईबापांच्या मधोमध चाललीत, डोकी तपकिरी!"

"कुठे? मला दाखव की!"

"थांबा जरा, घाई काय आहे?"

शेवटचा ठिपका पाण्यावर विरला तरी ती दुर्बीण सोडेना.

दुसऱ्या दिवशी काका दुकान उघडायला निघाले, तर काकू स्वेटर घालून पायरीवर उभी.

"गिऱ्हाइकं दुपारनंतर," ती म्हणाली. "वारा अजून तसाच आहे."

काका बूट शोधायला लागले.