गालावरचं पाणी

आमच्या थोरल्या जाऊबाई स्वयंपाकघरातून बाहेर पडल्या त्या दुखण्यामुळे नव्हे, दुखणं काय ते कळल्यामुळे. हे मी अजूनही तावातावाने सांगते आणि घरातली नवी मंडळी हसतात. हसा मेल्यांनो, तुमचं काय जातंय!

लांज्याच्या अलीकडे आमचं घर. साल एकोणीसशे तीसच्या आसपासचं असेल, मी लग्न होऊन नवीनच आले होते. जाऊबाईंना मूल नव्हतं. सासूबाई ते चार माणसांत बोलून दाखवायच्या, पण चुलीपाशी मात्र त्यांच्यापुढे हात टेकायच्या. सोवळ्यातला स्वयंपाक चाखायचा नसतो, देवाच्या आधी जिभेला लागला की उष्टा झाला. जाऊबाई नुसत्या वासावरून सांगायच्या, "मीठ कमी पडलंय गो, चिमूटभर टाक." आणि चिमूटभरच लागायचं. त्या घरात त्यांची म्हणावी अशी एवढीच जागा होती.

एका पावसाळ्यात त्या विषमज्वरातून उठल्या आणि कानाखाली गाल टम्म सुजला. सगळ्यांनी ठरवून टाकलं, गालगुंड. आंबेहळदीचे लेप झाले. गाठ पिकली, तोंड उघडेना. मग गळवं फोडणारा एक जण बोलावला. त्याने वस्तऱ्याने गालावर उभी चीर दिली. पू गेला, ताप उतरला, आम्ही देवापुढे साखर ठेवली. जखम भरली, पण मोहरीएवढं भोक राहिलं ते राहिलंच.

जेवायला बसल्या की त्यातून पाणी झरायचं. कैरीची फोड तोंडात टाकली तर हनुवटीपर्यंत ओघळ. आम्ही म्हणायचो, जखम ओली आहे अजून. घाम पुसावा तसं त्या पदराने पुसायच्या आणि पुन्हा कामाला लागायच्या. देवाचं सगळं त्यांच्याच हातचं होत होतं, आणि कुणाची काही तक्रार नव्हती.

जाऊबाईंच्या यजमानांना, आमच्या भावोजींना, मात्र चैन पडेना. गाडी जोडून ते त्यांना रत्नागिरीस डॉक्टरांकडे घेऊन गेले, सोबतीला मी. डॉक्टरांनी गाल कोरडा केला, जिभेवर लिंबाची फोड ठेवायला लावली आणि बघत बसले. थेंब आला, त्याच्यामागून दुसरा. मग त्यांनी भावोजींच्याच गालावर बोट फिरवून समजावलं. कानापुढे दोन्ही बाजूंना लाळेची मोठी गाठ असते, जबड्याखाली आणि जिभेखाली आणखी असतात. कानाजवळच्या गाठीची नळी गालातून पुढे येते आणि वरच्या दाढेसमोर तोंडात उघडते. चीर देताना ती नळीच तुटली. आता लाळ आत जायची ती बाहेर येते.

"यात भिण्यासारखं काही नाही," डॉक्टर म्हणाले. "मुंबईस शस्त्रक्रिया होईल, पण चेहरा हलवणाऱ्या शिरा त्या गाठीतूनच जातात. एखादी दुखावली तर तोंड वाकडं होईल. त्यापेक्षा आंबट बंद करा, खाणं बेताचं ठेवा. गाठ शांत राहिली तर भोक आपोआप बुजेलही."

येताना गाडीत जाऊबाई कितीतरी दिवसांनी हसल्या.

भावोजी म्हणजे सरळ माणूस. पाय धुऊन आत आले आणि जे ऐकलं ते सगळं सांगून मोकळे झाले. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"लाळ? म्हणजे थुंकी?"

"हो, तीच की."

"अरे देवा! म्हणजे इतके महिने देवाला हिचं उष्टं गेलं?"

झालं! लोणच्याच्या बरण्या गड्यांना देऊन टाकल्या, भांडी चिंचेने घासली, चूल सारवली. जाऊबाईंचं पान पडवीत मांडलं. मी भांडले. म्हटलं, "लाळ काय तुमच्या तोंडात नाही?"

"आहे. पण ती तोंडात आहे तोवर ठीक. बाहेर पडली की उष्टं. नाही म्हण बघू."

मला नाही म्हणता येईना, म्हणून आणखीनच संताप आला. जळलं मेलं ते सोवळं! महिन्याची शिवाशिव चार दिवसांची, पाचव्या दिवशी न्हालं की संपते. हिने कितीदा न्हायचं?

जाऊबाईंना तोंड दाबून बुक्क्यांचा मार. डॉक्टरांचं एवढंच वाक्य त्यांनी धरून ठेवलं, की खाणं बेताचं ठेवा. आधी आंबट सोडलं, मग भाजी, मग नुसती पेज, मग तीही अर्धी टाकायला लागल्या. मी ओरडायची, "मराल हो अशाने!" त्या म्हणायच्या, "बुजू दे गो एकदा, मग खाईन पोटभर."

आणि खरंच बुजलं! भोकावर पातळ कातडी धरली. सासूबाईंनी स्वतः लिंबाची फोड देऊन पाहिली. गाल कोरडा. "ये आत," म्हणाल्या.

एव्हाना मला मुलगा झाला होता, त्याचं बोडण होतं. आमच्यात मूल झालं की सवाष्णी जमून देवीचा पुरणावरणाचा नैवेद्य परातीत पंचामृतात कालवतात, त्याला बोडण म्हणतात. त्या दिवशी जाऊबाई सोवळं नेसून चुलीपुढे बसल्या. नुसती हाडं उरली होती, पण तोंडावर काय आनंद! मी दारातून बघत होते. पुरण झालं. मग कटाच्या आमटीत चिंचेचा कोळ पडला, वर तुपाची फोडणी बसली आणि वास घरभर झाला. महिनोन्महिने उपाशी बाई ती, तोंडाला पाणी सुटणार नाही तर काय होणार? त्यांनी आवंढा गिळला. गालावरची ती कातडी फुगली, फुटली, आणि धार लागली.

सासूबाईंची पाठ होती. पाहिलं ते फक्त मी. मी खुणेने सांगितलं, पुसा, गप्प राहा, कुणाला कळणार आहे! जाऊबाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग लाकडं मागे ओढली आणि मोठ्याने म्हणाल्या, "सासूबाई, स्वयंपाक बाटला. दुसरा करायला घ्या."

आणि उठून पडवीत जाऊन बसल्या. मी रडतच मागे धावले, त्यांचा हात धरायला गेले. त्यांनी हात मागे घेतला.

"शिवू नकोस गो," त्या म्हणाल्या, "तुला आता सगळा स्वयंपाक करायचाय."