पांढऱ्या गाडीची मागची सीट

त्या जपानी कंपनीचं नाव मी इथं लिहिणार नाही. आमच्या घरात ते नाव आता कुणी घेत नाही. 'गाडी' एवढंच म्हणतात, आणि तेही आवाज उतरवून. पालमला आमच्या अंगणात कडुलिंबाखाली ती पांढरी सात सीटची गाडी आजही उभी आहे. किल्ली फिरवली की पहिल्या झटक्यात सुरू होते. बिघडली असती तर केव्हाच भंगारात गेली असती आणि आम्ही सुटलो असतो. पण ती बिघडतच नाही.

माझे सासरे तहसील कचेरीत कारकून होते. मी त्यांना मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या म्हणायची. मामा निवृत्त झाले तेव्हा आम्हाला वाटलं, आता काशी-रामेश्वर करतील. त्यांनी नांदेडच्या एका डॉक्टरांची वापरलेली ही गाडी आणली. ज्या माणसानं उभा जन्म सायकलवर कचेरी केली, तो रोज सकाळी अंघोळीच्या आधी गाडी धुवायला लागला. आत्या म्हणायच्या, "मला कधी हातानं पाणी दिलं न्हाई, हिला रोज अभिषेक चाललाय."

येणाऱ्या-जाणाऱ्याला मामा त्या कंपनीची कथा लावायचे. मला ती पाठ झाली होती. जपानात एका सुताराचा मुलगा होता. त्याची आई दिवसभर हातमागावर राबायची, ते त्याला बघवेना. त्यानं माग सुधारले, मग असा माग काढला की एक धागा तुटला तरी तो आपोआप थांबायचा. त्या मागाच्या कमाईवर त्याच्या मुलानं मोटारींचा कारखाना घातला. आधी मालट्रक, मग छोट्या मोटारी, आणि मग जगात जिथं रस्ता नाही तिथं यांची गाडी. वाळवंटात ती, बर्फात ती, मंत्र्यासंत्र्यांच्या ताफ्यात ती. "का बरं?" मामा विचारायचे आणि उत्तरासाठी थांबायचे नाहीत. "कारण त्यांना येक गोष्ट ठावं हाय. धागा तुटला की थांबायचं. चूक तशीच पुढं रेटायची न्हाई."

माझा नवरा शाळामास्तर आहे आणि वडिलांची फिरकी घेणं हा त्याचा जुना धंदा. तो म्हणायचा, "दादा, तुमची ही जपानी बाई इकडं दक्षिणेतच बनलीय." मामांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

मला मात्र ती धाग्याची गोष्ट आवडायची. माझं माहेर सेलूचं, वडील जिनिंगमध्ये होते. कापसाचा मोसम लागला की तिथली यंत्रं कशासाठीच थांबायची नाहीत. माणूस ओरडला तरी कुणीतरी पळत जाऊन वीज बंद करीपर्यंत ती फिरत राहायची. एका तुटक्या धाग्यासाठी स्वतःहून थांबणारं यंत्र या जगात आहे, हे ऐकून मला लहान मुलासारखं नवल वाटलं होतं.

पहिली दोन-तीन वर्षं गाडीची चैन होती. पालमच्या रस्त्यांवर माणसाची हाडं खिळखिळी करणाऱ्या जीपा आणि एसट्या. त्यात ही आली. आत बसलं की इंजिनाचा आवाज नाही, खड्ड्याचा धक्का नाही, उन्हाळ्यात थंड हवा. नवरदेवाला न्यायला लोक मामांकडे यायचे. गोंड्यांनी आणि झेंडूंनी सजलेली आमची गाडी गंगाखेडच्या रस्त्याला लागली की मामा स्वतःच नवरदेव असल्यासारखे ताठ बसायचे.

मग पलीकडच्या गल्लीतला एक माणूस छातीत कळ येऊन पडला. घरच्यांनी आधी ओवा दिला, मग अंगारा लावला, मग गावातल्या डॉक्टरकडून एक इंजेक्शन टोचून आणलं. दुपार कलली तेव्हा कुणाला तरी आमची गाडी आठवली. "मामांची गाडी हाय ना, ती कुठं बंद पडायची न्हाई." मामांनी एका शब्दानं विचारलं नाही. मागची सीट आडवी केली, माणसाला निजवलं आणि नांदेडला नेलं. गाडी वेळेत पोचली. माणसाचीच वेळ आधी सरली होती.

त्यानंतर हे चालूच राहिलं. एक अडलेली बाळंतीण, एक विष घेतलेला, एक तापानं फणफणलेली म्हातारी. प्रत्येक घरात तीच तऱ्हा. आधी घरचं औषध, मग देवाचं, मग सलाईन, आणि सगळं हातातून गेलं की आमचं दार. मामा कुणाला नाही म्हणाले नाहीत. परत आले की मागची सीट धुवायचे. बाळंतीण वाचली, पण ती आता कुणाच्या लक्षातही नाही. जे गेले ते सगळ्यांच्या लक्षात आहेत.

कुजबुज कधी सुरू झाली ते मला नेमकं सांगता येणार नाही. मला कळलं ते असं. मामा भाजी आणायला गाडी घेऊन गेले आणि एका ओळखीच्या घरासमोर सावली बघून ती लावली. आतून बाई तरातरा बाहेर आली. तिचा नवरा साध्या खोकल्यानं पडून होता. ती हात जोडून म्हणाली, "मामा, पाया पडते, दारात नका लावू ती. अजून तसं काय झालं न्हाई." मामांनी गाडी काढली. घरी येऊन त्यांनी हे सांगितलं आणि हसायचा प्रयत्न केला, पण हसू काही जमलं नाही.

पुढच्या लग्नसराईत नवरदेवासाठी कुणीच आलं नाही. गाडी गल्लीतून निघाली की ओट्यावरची माणसं बोलायची थांबायची आणि ती कुठं वळते ते बघायची. चहाच्या हॉटेलात एक जण म्हणाला म्हणे, "निघाली. आता कुणाचं बोलावणं?" माझा नवरा तिथंच होता. तो भांडून आला. मला तर संतापच आला. अरे, तुम्ही बोलावता कधी? माणूस गार पडायला लागल्यावर. आणि नावं ठेवता गाडीला! मीही शाळेत शिकवते; तिथं शिक्षकांच्या खोलीत मी हे तावातावानं सांगितलं. सगळ्यांना पटलं. सगळे शिकलेले लोक. त्यातल्या एकीच्या वडिलांना महिन्याभरानं अर्धांगाचा झटका आला, तेव्हा तिनं आमच्या घरावरून पुढं जाऊन खासगी जीप शोधली. जीप मिळेपर्यंत संध्याकाळ झाली.

म्हणजे लोक आता आणखी उशीर करायला लागले होते.

आमच्या घरातही ते शिरलं. आत्यांनी आधी गाडीला लिंबू-मिरची बांधली. मग दर शनिवारी जुनं लिंबू काढून तिकाटण्यावर, तीन रस्ते मिळतात तिथं, टाकायला लागल्या. मग गाडीत बसणंच सोडलं. पाथरीला दर्शनाला जायचं तर गुडघे धरत एसटीच्या पायऱ्या चढायच्या, उभ्यानं जायच्या, आणि अंगणात थंड हवेची गाडी लिंबाखाली उभी. मी चिडवलं, "आत्या, घरची गाडी सोडून ही कसली तपश्चर्या?" त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तिच्यात निजलेली माणसं मी बघितलीत बाई. त्या सीटला आता सवय लागली."

मी हसले. खोटं कशाला सांगू, हसताना माझ्याही अंगावर काटा आला होता.

त्या पावसाळ्याच्या शेवटी आत्यांची दाढ दुखायला लागली. भाकरी थापता थापता थांबायच्या, गालावर हात धरायच्या, पिठाची बोटं गालावर उमटायची. मी डब्यातली लवंग द्यायची. मग एके दिवशी पाण्याची कळशी ओट्यावर ठेवून त्या खालीच बसल्या. कपाळावर घाम. पाऊस पडून गेलेला, हवा गार, आणि यांना घाम. मी म्हणाले, "आत्या, हे दाढेचं दिसत नाही. दाखवून येऊ." त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि अंगणाकडं बघून हळूच म्हणाल्या, "मोठ्यानं बोलू नको. ह्यांनी ऐकलं तर ती गाडी बाहीर काढतील. सोमवारी जाते की मी, यष्टीनं."

मी ऐकलं नाही, मामांना सांगितलं. मामा पेपर वाचत होते. पेपरच्या आडूनच म्हणाले, "गॅस आसल. काल शेंगदाण्याची चटणी लय खाल्ली तिनं." आत्या लगेच म्हणाल्या, "हां, गॅसच हाय." दोघांचं एकमत झालं. एरवी कशावर व्हायचं नाही.

सोमवार यायच्या आधीच झालं. सकाळची वेळ, मी शाळेला निघायच्या गडबडीत. तुळशीला पाणी घालता घालता आत्या वाकल्या त्या उठल्याच नाहीत. ओठ पांढरे, डावा हात लुळा, पण शुद्धीवर होत्या. नवऱ्यानं किल्ली घ्यायला धाव घेतली. तेवढ्यात आत्यांनी उजव्या हातानं तुळशीवृंदावन घट्ट धरलं. एवढी ताकद कुठून आली कोण जाणे. "त्या गाडीत न्हाई! न्यायचं आसल तर दुसरी आणा. मला मारायला निघालाव का तुमी?"

आम्ही सरकारी ॲम्ब्युलन्सला फोन केला. ती दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. नवरा शेजाऱ्यांची गाडी बघायला पळाला. मी आत्यांचे तळपाय चोळत होते. आणि मामा गाडीजवळ उभे होते, किल्ली हातात, दार उघडं. मी ओरडले, "मामा, काढा ना गाडी! उचलून ठेवू त्यांना!" मामांनी माझ्याकडं बघितलं, मग मागच्या सीटकडं बघितलं. इतक्या लोकांना त्यांनी त्या सीटवर निजवलं होतं, कधी मागंपुढं पाहिलं नव्हतं. "येऊ दे की दुसरी," ते म्हणाले. "यील आत्ता."

दुसरी आली नाही. शेजारी लातूरला गेले होते. नवरा रिकाम्या हातानं परत आला तोवर आत्यांची बोटं आपसूक सुटली होती. मग आम्ही त्यांना उचललं आणि त्याच सीटवर निजवलं. डोकं माझ्या मांडीवर. नवऱ्यानं गाडी काढली, मामा त्याच्या शेजारी.

त्या गाडीचं जे जे कौतुक मामांनी केलं होतं ते सगळं खरं होतं. धक्का नाही, खडखड नाही, आवाज नाही. इतकी शांत गाडी, की मला आत्यांचा एकेक श्वास ऐकू येत होता. लोह्याच्या अलीकडं मला तो ऐकू येईनासा झाला. मी बोलले तर गाडी थांबेल अशी मला भीती वाटली. ती तशीच सुरळीत चालत राहिली, थेट दवाखान्याच्या दारापर्यंत.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि शांतपणे विचारलं, "दुखायला कधीपासून लागलं होतं?" मी दाढेचं सांगितलं, लवंगेचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "दाढ नव्हती ती. बायकांचं हृदय पुष्कळदा असंच दुखतं, जबड्यात, खांद्यात. त्याच दिवशी आणलं असतं तर..." मामा भिंतीला टेकून उभे होते. ते तिथंच खाली बसले आणि सगळ्यांदेखत रडले.

त्यानंतर मामांनी धाग्याची गोष्ट कुणालाच सांगितली नाही. गाडी विकायचं दोनदा ठरलं. गिऱ्हाईक यायचं, गाडीवर खूश व्हायचं, गावात चौकशी करायचं आणि परत फिरकायचं नाही. गावातलं तर आता दाराशीही कुणी येत नाही. नवरा आठवड्यातून एकदा ती चालू करून ठेवतो. शनिवारी लिंबू मी बदलते. का बदलते ते मला विचारू नका.

परवा भाकरी थापताना माझी दाढ दुखली. कळ कानापर्यंत गेली आणि खांद्यात उतरली. मी हात धुतले, डब्यातली लवंग काढली आणि दाढेखाली धरली. मागं वळून बघितलं तर मामा स्वयंपाकघराच्या दारात उभे. माझ्या गालावरची पिठाची बोटं ते बघत राहिले. मग भिंतीकडं गेले, खुंटीवरची किल्ली काढली आणि परत आले. "दाढ दुखायलीय का?" त्यांनी विचारलं.

मला सगळं माहीत आहे. डॉक्टरीणबाईंचे शब्द मला पाठ आहेत. खिडकीतून अंगणातली गाडी दिसत होती आणि तिची मागची सीटही. मी म्हणाले, "लवंगेनं थांबली मामा. सोमवारी जाऊन येते की, एसटीनं."

मामांनी किल्ली परत खुंटीला लावली. त्यांना हायसं वाटलं हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मलाही वाटलं.

आज शनिवार आहे. लिंबू बदललं. दाढ सकाळपासून ठणकतेय आणि मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.