कोमट पाण्यातली पंधरा मिनिटं

आम्ही नवरा-बायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एका घड्याळाला अंघोळ घातली.

मागच्या पडवीत, चहाच्या आधी. ती म्हणाली, "आधी चहा ठेवते." मी म्हटलं, "चहा कुठे पळून जातोय? आधी हे उरकू." मोठ्या टोपात कोमट पाणी ओतलं, बोट बुडवून बघितलं आणि आदल्या दिवशी आलेलं घड्याळ अलगद तळाला सोडलं.

घड्याळांचं आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी चौथी शिकलेला माणूस. मुंबईला गोदीत तीस वर्षं दोरीवर होतो. बोटीच्या पंख्यात दोरखंड अडकला की पाणबुड्या खाली उतरायचा आणि त्याच्या कमरेच्या दोरीचं टोक वर माझ्या हातात असायचं. एक म्हातारा पाणबुड्या काम सोडताना त्याचं घड्याळ मला देऊन गेला. कुठल्या तरी परदेशी आरमाराने आपल्या माणसांना वापरायला दिलेलं. पाठीवर बाणाची खूण, त्याखाली सरकारी नंबर. तबकडीभोवती फिरणारं कडं. पाण्यात उतरताना कड्यावरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणून ठेवायचा, मग खाली किती वेळ झाला ते एका नजरेत कळतं. असली घड्याळं दुकानात कधी नव्हतीच. काम संपलं की सरकार ती परत घ्यायचं आणि मोडीत काढायचं. चुकून वाचली ती वाचली.

त्या एकाने मला खूळ लावलं. नोकरी संपवून गावी आलो तरी खूळ सुटलं नाही. भंगारवाले, लांज्याचा एक घड्याळवाला, फोनवर ओळख झालेले माझ्यासारखेच दोन-चार येडे, असं करत सात जमवली. बायको त्यांना माझ्या सवती म्हणायची. शेजारीण आली की हिचं सुरू, "सवतींना पावसाळ्यात दमट लागू नये म्हणून तांदळाच्या डब्यात निजवतात हो. माझी कंबर धरते, तर मला विचारलंनी का कधी?" शेजारीण हसायची. मी पण हसायचो.

आलेली ही आठवी. आतला रबरी वायसर सुकून चिरला होता, तो मी बदलला, ग्रीस लावलं, झाकण आवळलं. आता पाणी आत जातं का ते बघायचं. कोमट पाण्यात आतली हवा फुगते. झाकणाला फट असेल तर चावीच्या बुडाशी मोहरीएवढा बुडबुडा येतो. तो दिसला रे दिसला की घड्याळ वर काढायचं, नाहीतर पाणी आत गेलंच. म्हणून पंधरा मिनिटं नजर काढायची नाही. माझ्या एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्याचं ऑपरेशन झालेलं, पण बारीक दिसत नाही. गेली चार वर्षं माझे डोळे म्हणजे तीच. ती टोपावर वाकून बसायची आणि मी बाजूला बसून हुकूम सोडायचो.

कड्याचा त्रिकोण मी काट्यासमोर लावला होता. पाच वाजायला वीस मिनिटं कमी.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "अहो, छातीत कसंसंच होतंय."

"दुपारी फणसाची भाजी दोनदा घेतलीस. वात असेल. नजर काढू नको."

"हात पण जड झालाय."

"हात कशाला लागतोय? डोळ्यांनी बघायचंय."

असं बोललो मी. या तोंडाने. आणि ती हसली. म्हणाली, "सवतीचं कौतुक बघा, मी मेले तरी पाण्यात बघत बसायचं." तिने डावा हात मांडीवर ठेवला, उजव्या हाताने टोपाची कड धरली आणि बघत राहिली. कपाळावर घाम आला होता. मला तो दिसला. एवढं दिसण्यापुरते डोळे आहेत माझे. मी विचारलं ते एवढंच, "आला का?"

"नाही."

गोदीत आमचा एकच नियम होता. खालून दोरीला हिसका बसला की विचारायचं नाही. काम अर्धं राहिलंय का, साहेब ओरडेल का, काही नाही. माणूस वर ओढायचा. तीस वर्षांत मी एकदाही चुकलो नाही. कुणीही येऊन सांगावं.

पंधरा मिनिटं पुरी झाल्यावर ती म्हणाली, "एकपण नाही आला. नाहली तुमची सवत." उठायला गेली ती उठलीच नाही.

मग मात्र सगळं पटापट केलं. शेजारच्याची रिक्षा, हायवे, रत्नागिरीचं हॉस्पिटल. वाटेत तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. डॉक्टरने विचारलं, "कधीपासून दुखतंय?" मला मिनिटापर्यंत ठाऊक होतं. मी म्हटलं, "आत्ताच. दुखायला लागलं नि लगेच निघालो." तिने ते ऐकलं. डोळे उघडून माझ्याकडे बघितलंन. नवऱ्याला चार माणसांत खोटं पाडायची तिला सवयच नव्हती.

दिवेलागणीला ती गेली.

लवकर आणली असती तर वाचली असती का, हे मी डॉक्टरला विचारलं नाही. अजून विचारलेलं नाही. तेवढी छाती नाही.

तिचा भाऊ संगमेश्वराहून थेट हॉस्पिटलात आला. माझा हात धरून म्हणाला, "भावोजी, तुम्ही काही कमी केलं नाहीत. दुखलं नि आणलंत. आणखी माणूस काय करणार?" मी मान हलवली. नुसता गप्प नाही राहिलो, हो म्हणून हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घरी आणलं. मुलगी चिपळूणहून येऊन थांबली होती. घरापुढच्या खळ्यात पुरुष बसले, बायका आत. तिला शेवटची अंघोळ घालायची म्हणून शेजारीण पाणी तापवायला मोठा टोप बघायला मागे गेली आणि तिथूनच ओरडली, "अगो बाय, यात घड्याळ पडलंय!"

घड्याळ रात्रभर पाण्यातच होतं. मला त्याची आठवणच राहिली नव्हती. मुलीने ते बाहेर काढलं, पदराने पुसलं, कानाला लावलं. "चालू आहे." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, आई पडली तेव्हा तुमच्या हातातनं सुटलं का हो?"

हो म्हटलं असतं तर संपलं असतं. शेजारीण पण म्हणाली, "घाबरून सुटलं असेल गो." दोघी माझ्यासाठी खोटं तयार करून उभ्या होत्या. मी नुसती मान हलवायची होती. कालची सवय होतीच.

मी घड्याळ मुलीच्या हातातून घेतलं नाही. तिच्या हातातच ठेवून कड्यावरचा त्रिकोण दाखवला. म्हटलं, "हे मी लावलंय. पाच वाजायला वीस कमी होते तेव्हा तिला बसवली बघायला. तिथून चार-पाच मिनिटांत म्हणाली, छातीत होतंय. मी म्हटलं, नजर काढू नको. पंधरा मिनिटं पुरी केलीन तिने. मग पडली. डॉक्टरला मी खोटं सांगितलं."

शेजारीण पदर तोंडाला लावून बाजूला झाली. मुलगी कड्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आणि काय म्हणाली?"

"हात जड झालाय म्हणाली."

"मग तुम्ही?"

तेही सांगितलं. जसं बोललो होतो तसंच, एक शब्द इकडचा तिकडे न करता.

तिने घड्याळ कोनाड्यात ठेवलं. टोपातलं पाणी माडाच्या बुंध्याशी ओतलं, टोप राखेने घासला, दोनदा विसळला, नवीन पाणी भरून चुलीवर ठेवला. मी चुलीत फाटी सारायला वाकलो तर म्हणाली, "तुम्ही नको. बाहेर बसा."

बाहेर गेलो. बायकोचा भाऊ खळ्यात खांबाला टेकून बसला होता. मला बघून सरकला, शेजारी जागा केलीन. मी बसलो नाही. उभ्यानेच त्याला म्हटलं, "काल तू बोललास ते खरं नाही. मी वेळेत नाही आणली तिला."