रूबेनकाकांचा खुलासा

आमच्या मुलुंडच्या डाव्या अभ्यासमंडळाचे किस्से सांगायला घेतले की संपत नाहीत. रूबेनकाकांचे मात्र मी टाळतो. लोक हसतात, पण माझी मान खाली जाते. आज सांगूनच टाकतो.

काका बेने इस्रायली, म्हणजे आपले कोकणातले ज्यू. भांडुपच्या कारखान्यात फिटर, जन्मभर युनियनचे. पहिल्याच दिवशी आमच्या प्रशांतने विचारलं, "काका, मूळचे कुठले?"

"अलिबागचे."

"नाही हो, अगदी मूळचे?"

"एसटी स्टँडच्या मागचे!"

*

मंडळ भरायचं शनिवारी दुपारी. काकांनी एकदा विचारलं, "रविवारी ठेवू या का? शनिवार आमचा विश्रांतीचा."

"चळवळीत धर्म आणायचा नाही, काका!" मी सेक्रेटरी, मीच सुनावलं.

पुढच्याच महिन्यात गणपतीला अर्धं मंडळ गावी, म्हणून मीटिंगा बंद.

"गणपती कॉम्रेड आहे होय? मला माहीतच नव्हतं!" काका म्हणाले. आम्ही पोट धरून हसलो. शनिवार काही बदलला नाही.

*

एकदा विषयच होता, डावे आणि ज्यू. प्रशांतने टिपण वाचलं. युरोपातल्या काही जुन्या डाव्यांना ज्यू म्हणजे सावकार वाटायचा. मग सोव्हिएत गटाने इस्रायलच्या स्थापनेला पाठिंबा दिला. पुढे त्याच गोटात 'झायोनिस्ट', म्हणजे इस्रायलचा पाठीराखा, ही शिवी झाली.

काकांनी हात वर केला. "लाइन बदलली की मला एक पोस्टकार्ड टाकत जा रे. मी तिथेच असतो!"

*

इस्रायलमध्ये हल्ला झाला, मग गाझात बॉम्ब पडू लागले. आम्ही स्टेशनबाहेर युद्धबंदीचे फलक घेऊन उभे राहिलो. फलक काकांनीच रंगवलेले. तरी प्रशांत म्हणाला, "काका, तुमच्या सरकारला सांगा ना काहीतरी!"

"सांगितलं ना. परवाच दिल्लीला पत्र टाकलंय."

तेव्हापासून मीटिंगच्या सुरुवातीला काकांनी इस्रायलबद्दल आपली भूमिका स्पष्ट करायची, असा नियमच पडला. बाकी कोणाला कोणी काही विचारत नव्हतं. अजेंड्यावर मीच टाइप केलं होतं, '१. रूबेनकाकांचा खुलासा'. काका उठायचे, मागच्या वेळचंच पुन्हा सांगायचे, बसायचे. शेवटी शेवटी टेबल धरून उठायचे. तरी मी तो मुद्दा काढला नाही. याची मला फार लाज वाटते.

*

काका गेले. शोकसभेला त्यांची मुलगी शीला आली. मी गडबडीत मागच्याच अजेंड्यात श्रद्धांजली घुसवली, प्रिंट काढले आणि वाटले. शीलाने कागद वाचला.

'१. रूबेनकाकांचा खुलासा. २. रूबेनकाकांना श्रद्धांजली.'

शीला टेबल धरून उठली.

"बाबा आज येऊ शकत नाहीत," ती म्हणाली. "मी करू का खुलासा?"