नाथाजीनं बंद केलेली गोळी

उंब्रजच्या नाथाजीला समदा कृष्णाकाठ पायपांचा डॉक्टर म्हणायचा. त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर साली नदीचं पाणी उसाला उचलायचं वारं गावोगाव सुटलं, तवा पायपा टाकायला ह्योच पुढं. शिक्षण चौथी. पण मोटरचा दाब किती आन् शेवटच्या शेतात धार किती, एवढं बघून मधल्या पायपेनं किती अडवलं ते तोंडी सांगायचा. पाईप बारीक, तर दाब वाढवा, न्हाईतर शेवटचा ऊस वाळला, हे त्याचं ठाम गणित.

त्याची बायको रंगुबाई सारखी डोकं धरून बसायची. कराडच्या डॉक्टरनं दंडाला पट्टा बांधून बघितलं. "रक्ताच्या नळ्या आवळल्यात. दाब फार वाढलाय," म्हणाला आन् दाब उतरायची गोळी दिली. रोज एक.

येताना एसटीतच नाथाजी उखडला. "नळ्या आवळल्यात म्हणतोय आन् वर दाबच उतरवतोय! डोक्यापतुर रगत पोचंल का मग?"

"आवं, शिकलेला माणूस हाय त्यो."

"जन्मात एक तरी पाईप टाकलीया का त्यानं?"

रंगुबाईला पटलं. नवऱ्याचं पाण्याचं गणित कवा चुकलं नव्हतं. गोळ्या फडताळात पडल्या.

दोन महिन्यांनी भाकरी थापताना तिचा उजवा हात परातीतच लुळा पडला. तोंड वाकडं झालं, वाचा गेली. ट्रकात घालून कराड गाठलं.

"गोळ्या चालू होत्या ना?" डॉक्टरनं विचारलं.

नाथाजीनं समदं गणित सांगितलं. डॉक्टर भडकला न्हाई, तेच लय वाईट. म्हणाला, "भागाकार बरोबर आहे तुमचा. दाब भागिले धार, म्हणजे अडथळा. पण तुमची पाईप सैल होत नाही, शीर होते. गोळी शिरा सैल करत होती. नळीची आतली रुंदी निम्मी झाली की अडथळा सोळापट. तोच उतरला, तर कमी दाबातही धार पुरते."

नाथाजी खाली बघत म्हणाला, "आन् दाब लय झाला की पाईप फुटती, ते तर मला ठावंच हुतं."

घरी आणल्यावर त्यानं गोळी तिच्या जिभेवर ठेवली. त्यानं पाठ फिरवली की रंगुबाई थुकायची. नवऱ्याचं पहिलं गणित तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. एक दिस थुकलेली गोळी त्याला अंथरुणापाशी गावली.

"चुकलं माझं, रंगू. डॉक्टरचं खरं हाय."

तिनं मान हलवली. न्हाई.

नाथाजीनं गोळी कुटून ताकात कालवली आन् पेला तिच्या डाव्या हातात दिला. नदीवर गडी त्याच्यासाठी खोळंबलेले. त्यो समोरनं हलला न्हाई. रंगुबाईनं पेला अजून तोंडाला लावला नव्हता.